एजंटनं कर भरलाच नाही, आता कोणी भरायचा?

प्रश्न: धारवाडहून बदली होऊन आम्ही कोल्हापुरात आलो. गाडी केए-२५ पासिंगची. इथला एकरकमी कर भरून नवा नंबर घ्यायचं काम एका अधिकृत एजंटला दिलं. अधिकारपत्रावर सही केली, ८६,००० रुपये यूपीआयनं पाठवले. त्यानं पावती आणून दिली, नंबर मात्र ‘येईल, येईल’ म्हणत राहिला. सात महिन्यांनी आरटीओच्या वायुवेग तपासणी पथकानं गाडी अडवली. त्यांच्याकडे कर भरल्याची नोंदच नाही. एकदा भरलेला कर मी पुन्हा का भरू?

उत्तर: ताई, कष्टाचे पैसे असे गेले की जीव जळतो, हे मी जाणतो. पण पावती खोटी असेल, तर कर अजून भरलेलाच नाही.

तुम्ही त्याला ‘अधिकृत’ म्हणता. अधिकार कोणी दिला? तुमच्या सहीनं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ प्रमाणे तो तुमचा प्रतिनिधी झाला, परिवहन विभागाचा नव्हे. त्याच्या हाती पैसे पडले म्हणजे सरकारी तिजोरीत जमा झाले, असं होत नाही. कराची जबाबदारी मालकावरच राहते. काहीजण तुम्हाला सांगतील की १२ महिने सूट असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मधली ती मुदत नव्या नोंदणी क्रमांकासाठी आहे. ती करमाफी समजू नका.

आधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कराची नोंद पाहा. मग आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या: ‘मला एजंटकडून ही पावती मिळाली, खरी आहे का ते कळवावे.’ पोच घ्या. आणि एक कळकळीनं सांगतो, शंका आल्यानंतर ती पावती कुठल्याही अधिकाऱ्यापुढे ‘माझी कर भरल्याची पावती’ म्हणून ठेवू नका. बनावट दस्त माहीत असूनही खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे. फसवली गेलेली बाई आरोपी ठरावी, असं मला अजिबात नको आहे.

पावती खोटी निघाली तर कर स्वतःच्या हातानं भरून टाका. भांडण संपेपर्यंत थांबलात तर बोजा वाढत जाईल.

आता एजंट. तेच अधिकारपत्र इथे तुमच्या कामी येतं. करार कायद्याच्या कलम २१३ नुसार हिशेब मागणारी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. यूपीआयचे तपशील, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, काहीही पुसू नका. पोलिसांत न्याय संहितेखाली फसवणूक (कलम ३१८) आणि विश्वासघात (कलम ३१६) यांची तक्रार द्या. एजंट म्हणून सोपवलेल्या पैशांचा अपहार कायदा फार गंभीर मानतो, त्याला १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेचीही शिक्षा आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. शिवाय कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची आहे आणि तुमच्या रकमेला शुल्क लागत नाही.

नवा एमएच क्रमांक मिळाला की धारवाडच्या आरटीओकडे तिथल्या उरलेल्या कराचा परतावा मागा. बरेच जण हे विसरतात. नव्या नोंदणीची प्रत जोडावी लागेल, आणि तो अर्ज कृपया तुम्ही स्वतः द्या.