गरम इंजिनाला चोक लागतोय, म्हणजे कार्ब्युरेटर मेलेला नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 1997 ची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली). आधीची तक्रार एवढीच, की चढाला पिकअप नाही आणि सकाळी स्टार्टिंगला कटकट. गॅरेजला नऊ दिवस होती. कार्ब्युरेटर ओव्हरहॉल झाला, तिन्ही प्लग आणि वायरी नव्या, टायमिंग बेल्ट नवा. घरी आली ती थरथरतच. आता दहा-पंधरा मिनिटांत गरम झाली की सिग्नलला बंद पडते. मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटरच गेलाय, नवा टाका. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की चोक थोडा ओढून ठेवला तर बंद पडत नाही.

अहो, ते शेवटचं वाक्य सगळ्यात वर लिहायला हवं होतं. सगळी गंमत त्यातच आहे.

चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचं झाकण. ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त. थंड इंजिनाला ते हवं असतं, गरम इंजिनाला नाही. धडधाकट गाडी गरम असताना चोक ओढून बघा, गुदमरते, मागून काळा धूर सोडते. तुमची मात्र सुधारते. म्हणजे तिला आयडलिंगला, पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरून हवा आत येतेय. मिस्त्री लोक म्हणतात तसं, गाडी 'एअर घेतेय'. गरम झाल्यावर दम तोडणारे ठिणगीचे भाग म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होणं, ही मंडळी त्यामुळे यादीच्या तळाला गेली. कॉइल खराब असती तर चोक ओढून तिला काय फरक पडला असता?

दुसरी गोष्ट. तुमची आधीची तक्रार वेगळी होती आणि आताची वेगळी आहे. सिग्नलला बंद पडणं गॅरेजनंतर सुरू झालं, म्हणून त्याचं कारण इतक्या वर्षांच्या झिजेत शोधू नका, त्या नऊ दिवसांत शोधा. कुठलं झाकण उघडलं, कुठली नळी काढली, कुठली पिन सोडवली. मी मेकॅनिक नाही, पण 1994 ची 800 आजही दारात आहे, आणि तिच्या निम्म्या आजारांची सुरुवात कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीनंतरच झालीय.

त्यातला एक आजार सांगतो, कारण तो तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो.

माझाही कार्ब्युरेटर एकदा साफ करून आणला होता. रस्त्यावर छान पळायची. सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की खुट्ट. उतारावर गिअरमध्ये असताना पाय सोडला, क्लच दाबला, की खुट्ट. परत नेली. पोऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, रेसचा (आयडलिंगचा वेग वाढवायचा) स्क्रू दोन आटे पिळला, झालं साहेब. झालं कसलं? इंजिन ट्रॅक्टरसारखं गर्जत होतं, पण बंद पडत नव्हतं. आठवडाभर तशीच चालवली, पेट्रोल प्यायली. मग एका रविवारी बॉनेट उघडून बसलो, मुलाला म्हटलं किल्ली फिरव, स्टार्टर मारू नको. एरवी कार्ब्युरेटरपाशी 'टक्' असा बारीक आवाज यायचा, तो आला नाही. वाकून पाहिलं तर कार्ब्युरेटरच्या अंगाला असलेल्या पितळी सोलेनॉइडची वायर तशीच लोंबत होती. पिन लावायचीच राहिली होती. लावली, टक् झालं, रेसचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. खर्च शून्य.

हा सोलेनॉइड म्हणजे आयडलिंगच्या पेट्रोलचा नळ. किल्ली ऑन झाली की वीज मिळते, आतली पिन मागे सरते, नळ उघडतो. किल्ली बंद, नळ बंद. बंद केल्यावरही इंजिन फडफडत राहू नये म्हणून ही सोय. वायर सुटली, फ्यूज गेला किंवा आत कचरा अडकला, तर आयडलिंगचं पेट्रोल बंद. रेस दिली की मुख्य जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या मोठ्या भोकातून, पेट्रोल ओढलं जातं, म्हणून रस्त्यावर काही कळत नाही. चोक ओढला की त्याच वाटेने थोडं पेट्रोल येतं आणि गाडी तग धरते. तुमचंच वर्णन झालं की नाही?

तेव्हा पहिलं काम हेच. शांत जागी, बॉनेट उघडं, किल्ली ऑन-ऑफ. टक् येतो का ऐका. नाही आला तर वायर बघा. वायर ठीक असेल तर बॅटरीच्या प्लसवरून एक सुटी वायर सोलेनॉइडला लावून टक् येतो का बघा. तेव्हा आला तर दोष वायरिंगचा, तेव्हाही नाही आला तर सोलेनॉइड गेला. काही गॅरेजवाले वैतागून आतली पिनच कापून टाकतात. तसं असेल तर टक् येईल की नाही याला अर्थ नाही, पण मग किल्ली बंद केल्यावर इंजिन दोन-चार हिसके देऊन थांबत असेल. तसं होतं का, तेही कळवा.

टक् येतोय आणि तरी बंद पडते, तर दोन शक्यता.

एक, आयडलिंगचा जेट तुंबलाय. ओव्हरहॉल करताना फ्लोटच्या (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल साठवायच्या) भांड्यातला गाळ हलतो आणि नेमका त्या बारीक भोकात जाऊन बसतो. फक्त तो तारेने कुणाला टोचू देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते पुन्हा लहान होत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

दोन, कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग. जुनं पॅकिंग परत लावलं, किंवा नट एकाच बाजूने करकचून आवळले की पाया वाकतो, बारीक फट राहते आणि गरम झाल्यावर ती फट बोलायला लागते. हे तपासायला गॅरेज लागत नाही. झाडांवर पाणी मारायची साधी फवाऱ्याची बाटली घ्या. इंजिन चालू, गरम, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यावर, रबरी नळ्यांच्या टोकांवर एकेका जागी थोडं थोडं पाणी मारा. फटीवर पाणी बसलं की क्षणभर हवा अडते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. जागा सापडली. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि प्लगच्या वायरींवर मात्र पाणी उडू देऊ नका. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. गरम एक्झॉस्टच्या जवळ ते धाडस मी करत नाही, तुम्हीही करू नका.

नळ्या तपासताना डेल्कोच्या व्हॅक्यूमची बारीक नळी विसरू नका. टोकाला तडकलेली असते, वरून दिसत नाही, बोटाने वाकवली की फट उघडते. इंजिनाचा वाफारा घेणारी जाड नळीही तशीच.

इथे पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर मिळतं ते बहुतेक 20 टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. नव्या गाड्यांत सेन्सर ते जुळवून घेतो, आपल्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. म्हणून 1997 ला बरोबर असलेलं सेटिंग आज थोडं 'लीन' पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यात पीयूसीच्या वेळी मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) आणखी आत पिळतात. इतक्या जुन्या चारचाकीला आयडलिंगला 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत मुभा आहे, 0.3 दाखवून कुणी बक्षीस देत नाही. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवतं आणि तो फिल्टरला येतो. पेट्रोल फिल्टर बदलला नसेल तर बदला, स्वस्त असतो.

(गरमीत पेट्रोलची पंपातच वाफ होते, ते हेच का, असं कुणीतरी विचारेलच. पद्मिनीवाले घाट चढताना पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते त्यासाठीच. पण तेव्हा गाडी चढावर, रेस असतानाही दम टाकते. फक्त सिग्नलला पाय काढल्यावर नाही.)

आता थरथर. हिला मी मुद्दाम वेगळं काढतोय, कारण ती तुम्ही म्हणता तशी थंड असतानाही आहे. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही जरा हलतंच, पण आरसा बघता येऊ नये इतकं हलत असेल तर एक सिलिंडर अर्धवट काम करतोय. शोधायचं असं: इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढा, तिच्यात एक जुना प्लग खोचून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून नीट बांधा, मग स्टार्ट करा. थरथर वाढली तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक नाही पडला तर तोच आळशी. असं तिन्हींचं. चालू इंजिनावर हाताने वायरी उपटत बसू नका, झटका मोठा असतो.

आळशी सापडला की त्याचा प्लग शेजारच्यात टाका. आजार प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी, नव्या प्लगचं चिनीमातीचं अंग आवळताना तडकतं. नाही गेला तर वायर. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरीवरून निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर नवी वायरसुद्धा नापास. वायरींचा क्रम मात्र चुकलेला नाही, हे इथे बसून सांगतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-2, यात दोन वायरी इकडच्या तिकडे झाल्या तर एकच सिलिंडर नीट चालतो. गाडी गॅरेजच्या दाराबाहेर आली नसती.

प्लग काढलेच आहेत तर रंग बघा. तिन्ही पांढरे फटक असतील तर दोष वरचा, कार्ब्युरेटर किंवा त्याचं पॅकिंग. एकच पांढरा आणि दोन बिस्किटी असतील तर त्या सिलिंडरच्या बाजूने मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेतंय, आणि मग थरथर आणि बंद पडणं दोन्ही एकाच फटीतून.

राहिला टायमिंग बेल्ट, आणि याबद्दल मला खरी शंका आहे. बेल्ट एक दात इकडेतिकडे बसला तर गाडी चालते, पण आयडलिंग खडबडीत आणि पिकअप मेलेला. आपल्या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टवरच फिरतो, त्यामुळे बेल्ट चुकला की ठिणगीची वेळही चुकते. मिस्त्री काय करतो? डेल्को फिरवून ठिणगी जुळवून घेतो. मग टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) लावली तरी सगळं बरोबरच दिसतं, पण व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडत राहतात. पकडायची खूण सोपी आहे. डेल्को जिथे बोल्टने धरलाय तिथे लांबट खाच असते. बोल्ट खाचेच्या मधल्या भागात असेल तर ठीक. अगदी एका टोकाला टेकला असेल तर बेल्टचं कव्हर उघडून खुणा जुळवून बघायला लावा, तुमच्यासमोर. नवा कार्ब्युरेटर लावला असता तर हा दोष तसाच राहिला असता आणि वर बिल.

टॅपेटना (व्हॉल्व्हवरच्या फटीच्या सेटिंगला) हात लावला होता का, तेही गॅरेजला विचारा. घट्ट बसवले असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत आणि आयडलिंग जातं. पण तो चोक ओढून सुधारणारा आजार नव्हे, म्हणून शेवटी.

एक विनंती. हे तपासताना रेसचा आणि मिक्स्चरचा स्क्रू पिळू नका. आधीच पिळला असेल, तर किती ते मिस्त्रीला विचारून घ्या. सगळं जागेवर आल्यावर आयडलिंग मिनिटाला साडेआठशे-नऊशे फेऱ्यांवर आणायचं काम सर्वात शेवटचं. आणि एका वेळी एकच बदल, मग चक्कर मारून बघा.

टक् आवाज येतो का, ते आजच कळवा, त्याला दोन मिनिटं लागतात. डेल्कोच्या बोल्टचा आणि तिन्ही प्लगचा फोटो उजेडात काढून टाका, प्लग 1-2-3 अशा ओळीत ठेवून, टायमिंग बेल्टकडचा पहिला. तोवर नव्या कार्ब्युरेटरचा ॲडव्हान्स देऊ नका.