वचनांची यादी मागू नकोस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला. हॉस्टेलवरच्या मित्राने चार वचनं दाखवून ‘येशू देव नाही, तुमचं बायबलच तसं म्हणतं’ असं सुनावलं, आणि आता त्याचं तोंड बंद करायला तुला माझ्याकडून आठ वचनं हवीत. ती मी पाठवणार नाही. तू आठ टाकलीस की तो सोळा काढेल, आणि महिन्याभरात तुम्ही दोघं मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवायला बसाल. मंडळीत असे वाद पुष्कळ ऐकलेत. त्यातून कुणी शहाणा झालेला आठवत नाही.

त्याऐवजी एका पानावर एरियसची बाजू लिहून काढ. चिमटे न काढता, त्याला स्वतःला पटली असती अशी. एरियस हा चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा पाळक, कडक राहणीचा आणि लोकांत वजन असलेला. येशूला कमी लेखायचा त्याचा हेतू नव्हता. देव एकच, अनादि, कुणापासूनही न झालेला, एवढं त्याला जपायचं होतं. मग पुत्र ‘जन्मलेला’ असेल तर त्याला आरंभ असणार, आणि आरंभ असेल तर तो कितीही थोर असला तरी निर्माण केलेलाच, असा त्याचा हिशेब. तुझ्या मित्राची वचनं त्याच्याकडेही होती. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८). जगाच्या शेवटाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). नीतिसूत्रांच्या ८ व्या अध्यायात (८:२२) आरंभीच अस्तित्वात आलेलं ज्ञान, जे त्याच्या लेखी पुत्रच. ही वचनं झटकून टाकण्यासारखी नाहीत, आणि तू झटकलीस तर मित्राला ते लगेच कळेल.

एरियस शौचकूपात मेला, देवाने त्याला शिक्षा केली, हा किस्सा कुणीतरी तुला ऐकवेलच. ३३६ मध्ये त्याला मंडळीत परत घेण्याच्या तोंडावर तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये अचानक वारला, आणि विरोधकांनी ती गोष्ट चवीने सांगितली. तू सांगू नकोस. पोट बिघडल्याने सिद्धान्त खोटा ठरत नाही.

मात्र ‘रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ मध्ये निकियात बिशपांची परिषद भरवून, मतदान घेऊन येशूला देव केलं’ या म्हणण्यापुढे मान तुकवू नकोस. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हे निकियाच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि लिहिणारा ख्रिस्ती नव्हे. निकियातला वाद ‘नुसता माणूस की देव’ असा नव्हताच. पुत्र जगाच्या आधीपासून आहे हे एरियसलाही मान्य होतं. तो पित्याच्याच तत्त्वाचा की पित्याने घडवलेला, इथे गाडी अडली होती. परिषदेने पहिलं मत धरलं, आणि एरियस हद्दपार झाला. आणि बादशहाने प्रश्न मिटवला म्हणावं, तर पुढे त्यानेच एरियसला परत बोलावलं, ३३५ मध्ये निकियाचा खंदा कैवारी अथनेशियस याला ट्रीरला हद्दपार केलं, आणि ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याकडून. परत कॉन्स्टँटिनोपलची परिषद भरून निकियाचं मत पक्कं व्हायला ३८१ साल उजाडलं. मधल्या काळात दरबाराचा जोर दोन्ही बाजूंनी लागला. हे लपवायचं कारण नाही.

आपल्या बाजूचं खोटं नाणंही खिशातून काढून टाक. १ योहान ५:७ मध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा ‘हे तिघे एक आहेत’ असं जुन्या इंग्रजी बायबलात छापलंय. ते शब्द प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. नव्या कराराचा ग्रीक मजकूर छापणाऱ्या इरास्मस या पंडिताने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातले. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा विश्वास, त्या ओळीवर उभं नाही. त्रैक्य समजावायला संडे स्कूलमध्ये देतात तो पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखलाही विसर. एकच देव तीन वेळा वेष बदलतो असा त्याचा अर्थ होतो, आणि ते मत मंडळीने एरियसच्याही आधी नाकारलंय. कुणी म्हणेल, ‘म्हणजे आमच्या दत्तासारखंच की!’ त्याचा राग मानू नकोस, तो जवळीक दाखवतोय. पण घाईने ‘हो’ही म्हणू नकोस.

आता मुद्द्याचं. अथनेशियसला तर्काइतकीच उपासनेची काळजी होती. आपण पुत्राची प्रार्थना करतो, पित्याबरोबर त्याच्याही नावाने बाप्तिस्मा घेतो. तो घडवलेला असेल, तर आपण घडवलेल्याची पूजा करतोय. आणि ज्याला स्वतःलाच सगळं उसनं मिळालंय, तो मला देवाच्या जीवनात वाटा कुठून देणार? यशया ४५ काढ. ‘मीच देव, दुसरा कोणी नाही’ असं बजावून देव म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. एकदेववादाचा याहून कडक अध्याय मला माहीत नाही. मग फिलिप्पै २:१०-११ वाच. पौल, पक्का यहुदी, नेमके तेच शब्द येशूला लावतो, आणि वर ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ असंही लिहितो. त्या दोन ओळींत तुझाही मुद्दा आहे आणि तुझ्या मित्राचाही. मला स्वतःला तिथेच त्रैक्य पटतं; परिषदांच्या ठरावांनी तेवढं कधी पटलं नाही.

‘शंका येणं म्हणजे विश्वास ढळणं का?’ असं तू शेवटी विचारलंयस. पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८८५ मध्ये चेल्टनहॅमहून त्या वाँटिजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना उघड लिहीत होत्या की त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाचा मतांगीकार (मंडळीत म्हणायचं विश्वासाचं ठरावीक कबुलीपत्र) गळी उतरत नाही. सिस्टरना त्यात गर्व दिसला. बाईंचं उत्तर असं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसंच जोखड मानेवर घ्यायची तयारी नाही. तिथल्या कॉलेजच्या प्रमुख मिस बील मात्र त्यांना एकेका शंकेवर सविस्तर पत्रं लिहीत राहिल्या. तेव्हा बाईंचं वय सत्तावीस. याच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणण्यासाठी १९२२ मध्ये मरेपर्यंत राबल्या. १८८५ मध्येच कुणी त्यांना पाखंडी ठरवून बाहेर काढलं असतं तर? मला तरी त्या पत्रव्यवहारात सिस्टरांपेक्षा मिस बील जास्त ख्रिस्ती वाटतात. तुझ्या मित्राशी बोलताना त्यांच्यासारखं बोल.

पान लिहून झालं की आधी त्यालाच दाखव आणि विचार, ‘तुझं म्हणणं हेच ना?’ तो ‘हो’ म्हणेपर्यंत खाडाखोड कर. मग दोघं मिळून यशया आणि फिलिप्पै शेजारी शेजारी ठेवून वाचा. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा ते पान घेऊन ये, खाडाखोडीसकट. नीतिसूत्रे ८:२२ चं तू काय केलंस ते मला बघायचंय.

तुझे
सर