जुन्या पोर्शे ९११ साठी वापरलेली फुक्स चाकं घेताना काय बघावं? पॉलिश केलेली घ्यावीत का?

तुमची गाडी १९८१ ची ९११ एससी. जाहिरातीत चार फुक्स चाकं दिसली आहेत, 'आरशासारखी पॉलिश' केलेली, आणि ती घेऊन पाकळ्यांमधल्या खोलगट भागाला काळा रंग घरीच द्यायचा तुमचा विचार आहे. मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि याच वाटेने गेलोय, म्हणून स्पष्ट सांगतो: ती घेऊ नका. मळलेली, निस्तेज दिसणारी, पण मूळचा थर शाबूत असलेली शोधा.

फुक्स चाक ओतीव नाही, घडीव आहे. माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्यात ॲल्युमिनियमचा तुकडा प्रचंड दाबाखाली घडवून ते बनतं, म्हणून हलकं असूनही चिवट. १९६७ च्या मॉडेलच्या ९११ एसवर ते पहिल्यांदा आलं, तेव्हा रुंदी अवघी साडेचार इंच होती. पाकळ्यांवरची, म्हणजे चाकाच्या फुलासारख्या आऱ्यांवरची, ती मंद, रेशमी चमक पॉलिशची नव्हेच. ती ॲनोडायझिंगची, म्हणजे विजेच्या मदतीने धातूवरच वाढवलेल्या कठीण ऑक्साइडच्या थराची. पॉलिश करायचं तर आधी हा थर काढावा लागतो, बहुतेकदा कॉस्टिक सोड्याने. मग उरतं उघडं ॲल्युमिनियम, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पांढरे डाग पडायला वेळ लागत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे बफ मारताना पाकळ्यांच्या धारदार कडा गोल होतात. गेलेली कड परत येत नाही.

मी पहिला संच असाच चमक बघून घेतला. विकणारा म्हणाला, चारही सरळ आहेत. टायरवाल्याने बॅलन्सिंग मशीनवर फिरवली, तर दोन चाकांची आतली कड लाटेसारखी हलत होती. त्या कडेवरचा जाड रंग खरवडला, तर खाली चक्क लांबी (पुटी) भरलेली. जर्मनीत चाक वेल्ड करून किंवा ठोकून सरळ करून वापरायला परवानगी नाही, आणि असावी असंही मला वाटत नाही. ती दोन चाकं आजही तळघरात पडून आहेत.

म्हणून घेताना समोरून नाही, मागून बघा. मागे मापाचा ठसा असतो ('६ जे × १५' असा, म्हणजे सहा इंच रुंद, पंधरा इंच व्यासाचं), पार्ट नंबर आणि बनवल्याचा महिना-वर्षही. एससीला पुढे सहा इंची, मागे सात इंची बसतात. चारही सारखी गळ्यात पडली नाहीत ना, ते तपासा. नटांच्या भोकांभोवती बोट फिरवा: नट टेकतो ती गोल बैठक चेपली असेल किंवा केसासारखी रेघ दिसली तर सोडून द्या. शंका असेल तर चिरा शोधायचे स्प्रे, म्हणजे लाल डाय आणि तो पुसल्यावर पांढरा डेव्हलपर, मारून बघा, चीर असली तर लाल रेघ उमटते. आणि टायर चढवण्याआधी मशीनवर फिरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता रंगाचं. मानहाइमच्या वेटेरामा या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळालेल्या माझ्या दुसऱ्या संचावर मी फक्त काळा भाग नव्याने केला. जुना रंग सॉल्व्हंटवाल्या जेलने काढा. ओव्हन क्लीनर चुकूनही नको, त्यात कॉस्टिक असतं आणि ॲनोडायझिंग खातं. खोलगट भाग बारीक वॉटर पेपरने हलका घासा, मग एपॉक्सी प्रायमर, मग सॅटिन काळा. मास्किंग टेपने पाकळ्यांच्या कडा मला कधीच नीट जमल्या नाहीत. त्यापेक्षा पाकळीवरही थोडा रंग उडू द्या आणि तो ओलसर असतानाच सपाट लाकडी ठोकळ्याला थिनरने जेमतेम दमट केलेला कपडा गुंडाळून पुसा. ठोकळा खोलात उतरत नाही, त्यामुळे काळ्या-चंदेरीमधली रेघ आपोआप स्वच्छ येते. पहिली पाकळी पुसली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

पावडर कोटिंग मात्र करू नका. ते भाजायला १८०-२०० अंशांची भट्टी लागते, आणि या घडीव मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतूनच आलेली असते, पुन्हा तापवल्याने ती घटू शकते. नटांच्या बैठकीवर आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या मागच्या भागावर तर कोणताच रंग नको: तो दबतो आणि नट सैल होतात. मूळ ॲल्युमिनियमचे नट वापरा, टॉर्क पान्याने १३० न्यूटन मीटरला कसा आणि ५० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

जाहिरातवाल्याकडे मागच्या बाजूचे फोटो मागून बघा. तो टाळाटाळ करत असेल तर तिथे जायची तसदीही घेऊ नका.