कामावर परत जाताना

अगं, रुजू होण्याआधी एचआरला मेलवर विचार, पाळणाघराचं काय? भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ५० कर्मचारी असले की पाळणाघराची सोय आणि दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा, हे कुणी आपणहून सांगत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १२ आठवडे, तेही बिनपगारी. स्वीडनमध्ये ४८० दिवस, त्यातले ९० फक्त बाबाचे. त्याने नाही घेतले तर बुडाले. मला विचारशील तर खरी मेख तिथेच आहे. म्हणून नवऱ्याला 'मदत करशील का' असं विचारूच नकोस. लसीच्या तारखा, तापाच्या दिवशीची सुट्टी, पूर्णपणे त्याच्याकडे काय, ते आत्ताच ठरवा. मग त्याने झबलं उलटं घातलं तरी तू गप्प बस.