जीएफएस२ क्लस्टरला पॅच लावायचाय, तिन्ही नोडवर एकदम अपडेट मारू का?

नाही, एकदम अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) वर तीन नोडचा म्हणजे तीन सर्व्हरचा पेसमेकर क्लस्टर आहे (पेसमेकर म्हणजे कुठलं काम कुठल्या नोडवर चालवायचं ते सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्यावर जीएफएस२ चा, म्हणजे सगळ्या नोडनी एकाच वेळी वापरायच्या फाइल सिस्टिमचा, एक मोठा व्हॉल्यूम, सिक्युरिटी टीमने कर्नलचा पॅच लावायला सांगितलाय आणि ॲप्लिकेशन बंद ठेवायला परवानगी नाही. डाउनटाइम न घेता हे होतं, मी नोकरीत हेच काम करतो. फक्त एका वेळी एकच नोड घ्यायचा, तो आधी क्लस्टरमधून व्यवस्थित बाहेर काढायचा, आणि तो परत येऊन कामाला लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण बरेच जण इथे गोंधळतात. जीएफएस२ हा कर्नलचाच भाग आहे, २००६ पासून मेनलाइन कर्नलमध्ये आहे, त्यामुळे फाइल सिस्टिमचा पॅच म्हणजे नवा कर्नल आणि नवा कर्नल म्हणजे रीबूट. जीएफएस२-युटिल्स नावाचं जे पॅकेज दिसतं त्यात फॉरमॅट करायची, जर्नल (प्रत्येक नोडची बदलांची नोंद) वाढवायची, एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती करायची टूल्स आहेत, ते अपडेट केलं म्हणून फाइल सिस्टिम पॅच झाली असं होत नाही.

आता नोड नुसता रीबूट मारला तर काय बिघडतं ते बघा. तिन्ही नोड एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहितात, आणि कुठल्या फाइलला कोण हात लावतोय ते डीएलएम म्हणजे लॉक मॅनेजर ठरवतो. एखादा नोड न सांगता गायब झाला की उरलेल्यांना कळायला मार्ग नसतो की तो खरंच मेलाय की नेटवर्कमध्ये अडकलाय आणि अजून डिस्कवर लिहितोय, म्हणून ते लॉक द्यायचं थांबवतात, त्या नोडला फेन्स करतात म्हणजे बीएमसी (सर्व्हरची पॉवर दुरून सांभाळणारी चिप) किंवा हायपरव्हायझरकडून त्याची पॉवर तोडतात, मग त्याचा जर्नल रीप्ले करतात आणि मगच काम पुढे सरकतं. तेवढा वेळ चांगल्या नोडवरही त्या व्हॉल्यूमवरचं काम अडकून बसतं. फेन्सिंग यशस्वी झालं तर हे थोडक्यात निभावतं, पण बीएमसीचा पासवर्ड कुणीतरी बदलला असेल आणि फेन्सिंग फेल होत असेल तर क्लस्टर तसाच लटकून राहतो. अशा वेळी डीएलएम टूलने लॉकस्पेस (एकेका फाइल सिस्टिमच्या लॉकचे गट) बघितल्या तर "वेट फेन्सिंग" असं लिहिलेलं दिसतं, आणि ते दिसलं की ॲप्लिकेशनवाल्यांच्या लॉगमध्ये काही शोधू नका, थेट फेन्सिंग तपासा.

म्हणून पॅचच्या आधीच्या आठवड्यात फेन्सिंग खरोखर चालवून बघा. कॉन्फिगमध्ये आहे, स्टेटसमध्ये हिरवं दिसतंय, एवढ्यावर समाधान मानू नका. विंडो घेऊन एका नोडला पीसीएस स्टोनिथ फेन्स (पीसीएस ही क्लस्टर चालवायची कमांड, स्टोनिथ म्हणजे पेसमेकरचं फेन्सिंग) द्या, तो पडून परत उठतो का बघा, मग बाकीच्या दोघांनाही तसंच. आणि तुमच्याकडे स्टोनिथ बंद करून ठेवलेलं असेल तर पॅच राहू द्या, आधी ते चालू करा, शेअर्ड डिस्कवर फेन्सिंगशिवाय जीएफएस२ चालवणं म्हणजे डेटा करप्ट होण्याची वाट बघणं आहे, यात मला जराही तडजोड मान्य नाही.

त्याच वेळी नो-कोरम-पॉलिसी (कोरम म्हणजे क्लस्टर चालायला लागणारं नोडचं बहुमत, ते गेलं तर काय करायचं याची सेटिंग) काय आहे तेही बघून ठेवा, जीएफएस२ असेल तर ती फ्रीझ हवी. डीफॉल्ट स्टॉप असते आणि ती इथे चालत नाही, कारण कोरम गेल्यावर अनमाउंट करायलाही लॉक मॅनेजर लागतो आणि तो तर कोरमशिवाय थांबलेला असतो, मग स्टॉप फेल होतो आणि सगळा क्लस्टर फेन्सिंगवर जातो.

तीन मतांमध्ये कोरम दोनचा. एक नोड तुम्ही बाहेर काढला की उरलेले दोघं बरोबर काठावर असतात, त्यातला एकही गेला की सगळं गोठलं. पॅचिंगची सगळी जोखीम या वेळेत आहे, म्हणून त्या रात्री स्टोरेजचं फर्मवेअर, स्विचचं काम, बॅकअप जॉब, काहीही सोबत ठेवू देऊ नका. समजा पहिला नोड अजून आत आला नाही आणि चुकून दुसऱ्यावर क्लस्टर स्टॉप दिलं तर पीसीएस स्वतःच अडवतं, कोरम जाईल असं सांगतं आणि तरी करायचं असेल तर फोर्स लावा म्हणतं. तो फोर्स लावू नका.

आता प्रत्यक्ष क्रम. पीसीएस कॉन्फिग बॅकअप घ्या, स्टोरेजवर स्नॅपशॉट घेता येत असेल तर घ्या (जीएफएस२ ला स्वतःचे स्नॅपशॉट नाहीत). मग पहिल्या नोडला पीसीएस नोड स्टँडबाय द्या. तसं केलं की पेसमेकर उलट्या क्रमाने सगळं उतरवतो, आधी ॲप, मग फाइल सिस्टिम, मग एलव्हीएम (डिस्कचे व्हॉल्यूम सांभाळणारा थर), मग त्याचे लॉक सांभाळणारा एलव्हीएमलॉकडी आणि डीएलएम. सगळ्यात जास्त वेळा अडकतं ते फाइल सिस्टिम अनमाउंट होताना. रात्री एक वाजता कुणाचं तरी शेल त्या माउंटच्या आतल्या फोल्डरमध्ये सीडी करून बसलेलं असतं, किंवा एखादी लॉग पाठवणारी प्रोसेस फाइल उघडून असते. फाइलसिस्टिम रिसोर्स एजंट डीफॉल्टने अशा प्रोसेस मारतो, आधी टर्म सिग्नल मग किल, म्हणजे तुमचं एखादं बॅच त्या नोडवर क्लस्टरच्या बाहेर हाताने चालू असेल तर ते अर्ध्यात मरेल, आधी विचारून घ्या. आणि जे प्रोसेस म्हणून दिसतच नाही ते जास्त त्रास देतं: कर्नल एनएफएसने (नेटवर्कवर फाइल शेअर करणारी सेवा) तो डायरेक्टरी ट्री एक्स्पोर्ट केलेला, कुणी त्या माउंटच्या आत दुसरं काही बाइंड माउंट केलेलं, लूप माउंट केलेली आयएसओ. एफयूजरला (फाइल कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) यातलं काही प्रोसेस म्हणून दिसत नाही, अनमाउंट मात्र बिझी सांगतं. स्टॉप फेल झाला की स्टोनिथ चालू असताना पेसमेकर डीफॉल्टने त्या नोडला फेन्स करतो, आणि मग ज्या धक्क्यापासून वाचायला एवढं केलं तोच बसतो. त्यामुळे स्टँडबाय द्यायच्या आधी माउंटची यादी आणि एक्स्पोर्टची यादी डोळ्यांनी बघायची सवय लावा.

कुणी म्हणेल स्टँडबाय कशाला, मेंटेनन्स मोड लावू. नका लावू. मेंटेनन्स मोडमध्ये पेसमेकर रिसोर्सकडे बघणं सोडतो पण जीएफएस२ माउंट तसाच राहतो, कोरोसिंक (नोडमधला संपर्क आणि कोरम सांभाळणारा भाग) आणि डीएलएम तसेच चालू राहतात, आणि अशा नोडला रीबूट दिला की बाकीच्यांच्या दृष्टीने तो न सांगता गायब झालेलाच नोड.

सगळं उतरलं की त्या नोडवर पीसीएस क्लस्टर स्टॉप, आणि बूटला आपोआप सुरू होऊ नये म्हणून पीसीएस क्लस्टर डिसेबल, तेही फक्त त्याच नोडला. मग डीएनएफ अपडेट, म्हणजे पॅकेजेसचं अपडेट. क्लस्टर चालू असताना कोरोसिंक, पेसमेकरची पॅकेजेस अपडेट करायची नाहीत, अपडेटमध्ये सर्व्हिस रीस्टार्ट झाली तर तिथेच खेळ संपतो. तिन्ही नोडना एकाच व्हर्जनची पॅकेजेस मिळतील हेही बघा. आज पहिला केला आणि तिसरा पुढच्या आठवड्यात केला तर रेपोत तोवर नवीन कर्नल आलेला असू शकतो, त्यामुळे सॅटेलाइटवर (रेड हॅटचा पॅकेज सर्व्हर) कंटेंट व्ह्यू फ्रीझ करा किंवा लोकल रेपो धरून ठेवा.

रीबूटनंतर लगेच क्लस्टर सुरू करू नका. यूनेम कमांडने कर्नल नवाच आलाय का बघा, मग मल्टिपाथची (डिस्ककडे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटांची) यादी, सगळे पाथ ॲक्टिव्ह आहेत का. नव्या कर्नलसोबत नवी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) बनते आणि मल्टिपाथचं कॉन्फिग त्यात जातं, शिवाय अँटिव्हायरस किंवा बॅकअप एजंटचं बाहेरचं मॉड्यूल नव्या कर्नलवर लोड झालंय का तेही इथेच कळतं. सगळं ठीक असेल तर पीसीएस क्लस्टर स्टार्ट, इनेबल, मग अनस्टँडबाय. डीमेसेजमध्ये म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये जीएफएस२ च्या ओळी येतील: क्लस्टरला जॉइन झालो, आता माउंट करतोय, आणि फाइल सिस्टिमच्या नावापुढे एक आकडा, तो या नोडला मिळालेला जर्नल. रीप्लेइंग जर्नल असं दिसलं तर कुणीतरी आधी नीट उतरलेलं नव्हतं, पुढच्या नोडकडे जायच्या आधी ते कोण ते शोधा. विथड्रॉ (जीएफएस२ ने बिघाड दिसल्यामुळे त्या नोडवर स्वतःच काम थांबवलं) हा शब्द कुठल्याही नोडवर दिसला तर तिथेच थांबा आणि सपोर्टला केस टाका.

मग त्या नोडवर खरोखर एक फाइल लिहा, दुसऱ्या नोडवरून वाचा, तिकडून बदला, इकडे बघा. ॲपचा थोडा लोड येऊ द्या, अर्धा तास तरी. मी तर पहिल्या नोडनंतर शक्यतो एक रात्र मध्ये जाऊ देतो, नव्या कर्नलचा बग असेल तर तो लोडखालीच दिसतो आणि तेव्हा दोन जुने नोड हातात असलेले बरे. जुना कर्नल ग्रबमध्ये म्हणजे बूट मेनूत राहतोच, त्यामुळे परत जायचं झालं तर तीच स्टँडबायची वाट पुन्हा चालायची आणि जुन्या कर्नलवर बूट करायचं.

एफएससीके बद्दल विचारलंत, पॅचनंतर करू का. गरज नाही. आणि कधी करायचीच वेळ आली तर व्हॉल्यूम तिन्ही नोडवर अनमाउंट पाहिजे, एकाही नोडवर माउंट असताना एफएससीके चालवलं तर चांगली फाइल सिस्टिम तुम्ही स्वतःच्या हाताने खराब कराल.

ही रोलिंग पद्धत आरएचईएल ८ च्या आतल्या अपडेटसाठी. ७ आणि ८ चे नोड एका क्लस्टरमध्ये राहत नाहीत, कोरोसिंकच बदललं, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या साइटवर ७ असेल तर तिथे हे लागू नाही, नवा क्लस्टर उभा करून रीतसर विंडो घ्यावी लागेल. आणि वरच्या लोकांच्या कानावर आत्ताच घाला की आरएचईएल १० मध्ये रेड हॅटने जीएफएस२ ठेवलेलं नाही. ८ चा मेंटेनन्स मे २०२९ पर्यंत आहे, म्हणजे हा व्हॉल्यूम पुढे कुठे हलवायचा त्याचं बजेट पुढच्या एकदोन वर्षांतच मागावं लागेल.