कोरफड लागवड : बूडकूज, पानकाढणी आणि गराचे पोषणमूल्य

कोरफडीविषयी शेतकऱ्यांकडून आलेल्या पत्रांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत : रोपे बुडाशी का सडतात, पाने केव्हा काढावीत, आणि गर खाल्ल्याने नेमके काय मिळते.

पहिल्या प्रश्नाचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. कोरफडीच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात व दिवसा मिटलेली राहतात, त्यामुळे तिचे बाष्पीभवन फार कमी होते आणि साठवलेल्या पाण्यावर ती दीर्घकाळ तग धरते. इतर पिकांच्या पाळीने तिला पाणी दिले की मुळांभोवती ओल साचून कूज सुरू होते. पाने पातळ होऊन आतल्या बाजूस वळली असतील तर रोप तहानलेले आहे असे समजावे. पाने मऊ, पाणथळ दिसत असतील आणि मधला पोंगा (कोवळ्या पानांचा गाभा) हलक्या हाताने ओढताच सुटून येऊन बुडाशी तपकिरी, दुर्गंधीयुक्त भाग दिसत असेल, तर ती कूज आहे. असे रोप उपटून शेताबाहेर नष्ट करावे व तेथील पाणी थांबवावे. दोन्ही अवस्थांत रोप मलूल दिसते आणि शेतकरी घाईने पाणीच सोडतो, ही आम्हाला सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

भारी जमिनीत लागवड करायचीच असेल तर ती वरंब्यावर करावी. मातृरोपापासून वेगळे केलेले, तीन-चार पानांचे निरोगी मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्ले) दोन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी आणि मगच लावावेत. पोंग्यात माती जाऊ देऊ नये. अंतर 60 × 60 सेंमी ठेवल्यास हेक्टरी सुमारे 27,700 रोपे बसतात. खताबाबत चांगले कुजलेले शेणखत हाच मुख्य आधार मानावा. बुडाशी येणारे जादा मुनवे वेळोवेळी काढावेत, अन्यथा मातृरोपाची पाने बारीक राहतात.

पहिली काढणी साधारणतः 8 ते 12 महिन्यांनी, रोपाच्या वाढीनुसार करावी. प्रत्येक वेळी बाहेरची, पूर्ण पोसलेली तीन-चार पानेच खोडालगत काढावीत आणि पानाच्या तळाचा पांढरा भाग शाबूत ठेवावा, कारण तेथून गर उघडा पडला की जंतूंचा शिरकाव होतो. कापलेली पाने उन्हात ढीग करून ठेवू नयेत. गराची प्रत तासागणिक घटते. या कारणास्तव, पाने वेळेत घेणारा प्रक्रियाकार निश्चित झाल्याखेरीज मोठ्या क्षेत्रावर लागवड करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पोषणाबाबत अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. गरात सुमारे 99 टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्प घनभागात बहुशर्करा (साखरेच्या अनेक रेणूंच्या लांब साखळ्या) महत्त्वाच्या असून त्यांतील असेमॅनन हा घटक विशेष ओळखला जातो. जीवनसत्त्वे व खनिजे असतात, पण इतक्या थोड्या प्रमाणात की फळे-भाज्यांची जागा गर घेऊ शकत नाही.

सालीच्या आतील पिवळा, कडू चीक मात्र गरापासून वेगळाच समजावा. त्यातील अ‍ॅलोइन तीव्र रेचक असून त्याने पोटात मुरडा येतो व शरीरातील पोटॅशियम घटू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 साली कोरफडयुक्त रेचकांची चिठ्ठीविना होणारी विक्री बंद केली, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्काला संभाव्य कर्करोगकारकांच्या 2ब गटात ठेवले आहे. हे वर्गीकरण सालीसह काढलेल्या अर्काचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, काटेरी कडा व साल जाडसर काढावी आणि गर स्वच्छ पाण्याने धुवावा. धुतल्यावरही गरावर पिवळी छटा किंवा कडवटपणा राहिला तर तो खाण्यास वापरू नये. गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तो पोटात घेऊ नये, तसेच कुंडीतील कोणतीही काटेरी, मांसल पानांची शोभेची जात कोरफड समजून खाऊ नये.