युनिव्हर्सल रिमोट आणि होम थिएटरचा रिसीव्हर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

होम थिएटरविषयी आलेल्या पत्रांत या वेळी स्पीकरपेक्षा रिमोटच्याच तक्रारी अधिक आहेत. चार रिमोटांचे काम एकाने व्हावे म्हणून पाचवा आणायचा आणि शेवटी टेबलावर पाचही ठेवायचे, अशी बऱ्याच जणांची स्थिती झालेली दिसते. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ती पुन्हा येणार आहे. साधा रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. आपण पाठवलेला संदेश पोहोचला की नाही आणि समोरचे यंत्र चालू आहे की बंद, हे कळायला त्याच्याकडे कोणतेही साधन नसते.

प्रश्न : नव्या युनिव्हर्सल रिमोटवर टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स पहिल्याच प्रयत्नात जुळले, पण रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज स्पीकरांकडे पाठवणारे यंत्र) काही केल्या जुळत नाही. पुस्तिकेत रिसीव्हरच्या कंपनीपुढे सहा कोड छापलेले आहेत आणि ते सगळे टाकून झाले. त्यांपैकी एका कोडवर रिसीव्हर चालू-बंद होतो, मात्र आवाज कमी-जास्त होत नाही आणि इनपुटही बदलत नाही. रिमोट सदोष समजून परत करावा का?

उत्तर : परत करण्याची घाई करू नका. ज्या रिमोटवर दोन यंत्रे व्यवस्थित चालतात, त्याचा दिवा आणि सेल ठीक आहेत हे उघड आहे. अडचण कोडमध्ये आहे आणि ती समजण्यासाठी कोड म्हणजे काय ते पाहावे लागेल.

पुस्तिकेतला चार किंवा पाच आकडी कोड रिसीव्हरकडे कधीच जात नाही. रिमोटच्या स्मृतीत शेकडो तक्ते साठवलेले असतात आणि कोणते बटण दाबल्यावर कोणता संदेश पाठवायचा हे त्यांत लिहिलेले असते. कोड हा त्यांतल्या एका तक्त्याचा अनुक्रमांक असतो. प्रत्यक्ष संदेश जातो तो अवरक्त प्रकाशातून. एनईसी या फार प्रचलित पद्धतीत बटण दाबताच रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकू लागतो. आधी 9 मिलिसेकंदांची एक लांब लकेर आणि 4.5 मिलिसेकंदांची शांतता, मग 32 बिट (म्हणजे 0 किंवा 1 असे अंक) असा तो संदेश असतो. या 32 बिटांत यंत्राचा पत्ता, त्याच पत्त्याची उलटी प्रत, बटणाची आज्ञा आणि तिचीही उलटी प्रत असे चार भाग असतात. पत्ता आपला नाही असे दिसले की रिसीव्हर पुढचे काही विचारातच घेत नाही.

आता तुमच्या अनुभवाकडे येऊ. एकाच कंपनीने निरनिराळ्या वर्षी काढलेल्या रिसीव्हरांचे तक्ते पूर्णपणे सारखे नसतात, आणि काही रिसीव्हरांत तर चालू-बंदची आज्ञा एका पत्त्यावर व इनपुटची दुसऱ्याच पत्त्यावर जाते. त्यामुळे चालू-बंद जुळले एवढ्यावरून तक्ता जुळला असे म्हणता येत नाही. छापील यादी संपली असेल तर रिमोटमधील आपोआप कोड शोधण्याची सोय वापरा, पण त्या वेळी दोन पथ्ये पाळा. पहिले असे की शोध रिसीव्हरसाठी असलेल्या बटणावरच सुरू करावा. रिसीव्हरचे कोड बहुधा ऑडिओ किंवा ॲम्प या गटात असतात, आणि तोच कोड डीव्हीडीच्या बटणाखाली टाकला तर कित्येक रिमोट तो स्वीकारतच नाहीत. दुसरे असे की रिमोट परवानगी देत असेल तर शोधासाठी चालू-बंदच्या बटणाऐवजी आवाजाचे बटण वापरावे. रिसीव्हर आधी हाताने चालू करून ठेवावा, प्रत्येक दाबानंतर क्षणभर थांबावे आणि पडद्यावरचा आवाजाचा आकडा हलताक्षणी कोड पक्का करावा. घाईने दाबत गेल्यास योग्य कोड हातून निसटतो आणि मग पूर्ण फेरी पुन्हा मारावी लागते. एवढे करून दोन-चार बटणे उरलीच, तर ती मूळ रिमोटवरून शिकवून घ्यावीत, म्हणजे मूळ रिमोट समोर ठेवून त्याचा संदेश नव्या रिमोटमध्ये साठवून घ्यावा.

ज्यांच्याकडे एकही बटण चालत नाही त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. यामाहा, ओंक्यो यांसारख्या कंपन्यांच्या अनेक रिसीव्हरांत रिमोट आयडी नावाचे एक सेटिंग असते. एकाच खोलीत त्याच कंपनीची दोन यंत्रे असतील तर एकाचा रिमोट दुसऱ्याने ऐकू नये, यासाठी ही सोय केलेली आहे. कोणी ते बदलून ठेवले असेल, तर मूळ रिमोट त्याच आयडीवर असल्याने व्यवस्थित चालतो, पण मूळ आयडी गृहीत धरणारा युनिव्हर्सल रिमोट मात्र निरुपयोगी ठरतो. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन आयडी मूळ क्रमांकावर आणावा. त्यानंतर जुना रिमोट बंद पडल्यासारखा वाटेल. त्यालाही तोच आयडी द्यावा लागतो.

प्रश्न : कोड जुळला, पण टीव्ही पाहताना आवाजाचे बटण दाबले की टीव्हीचाच आवाज वाढतो. दर वेळी आधी रिसीव्हरचे बटण दाबावे लागते.

उत्तर : पुस्तिकेत व्हॉल्यूम लॉक किंवा पंच थ्रू या नावाखाली दिलेली कृती करा. त्यानंतर रिमोट कोणत्याही यंत्रावर असला, तरी आवाजाची आणि म्यूटची बटणे रिसीव्हरलाच संदेश पाठवतील. टीव्हीचे अंगचे स्पीकर त्याच्या मेनूतून बंद करून टाका.

प्रश्न : माझा रिमोट शिकणारा आहे. रिसीव्हरच्या मूळ रिमोटवरून सगळी बटणे शिकवली. म्यूटचे बटण एकदा दाबले की आवाज बंद होतो, परंतु पुन्हा दाबले की काहीच होत नाही. मध्ये दुसरे एखादे बटण दाबले तर म्यूट परत चालते! बटण तीन वेळा नव्याने शिकवूनही हेच घडते.

उत्तर : तुम्ही मध्ये दुसरे बटण दाबून पाहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. तुमचा रिसीव्हर बहुधा फिलिप्सच्या आरसी-5 या पद्धतीने बोलणारा असावा. मॅरँट्झ ही कंपनी दीर्घकाळ फिलिप्सकडे होती, त्यामुळे तिच्या यंत्रांतही ही पद्धत आढळते. या पद्धतीत 14 बिटांचा संदेश असतो आणि त्यांतला एक बिट प्रत्येक नव्या दाबाला उलटतो. एकदा 0 असेल तर पुढच्या वेळी 1. बोट बटणावर तसेच दाबून ठेवले आहे की उचलून पुन्हा दाबले आहे, हे रिसीव्हरला त्यावरून समजते. साध्या प्रतीचा शिकणारा रिमोट संदेशाचा अर्थ लावत नाही, तो केवळ प्रकाशाच्या उघडझापेची नक्कल साठवतो. शिकवताना तो बिट 0 होता, म्हणून तो कायमचा 0 राहिला. रिसीव्हरला वाटते की तुम्ही अजून पहिलाच दाब सोडलेला नाही, आणि तो शांत बसतो. मध्ये वेगळी आज्ञा आली की त्याची समजूत मोडते व म्यूट पुन्हा चालू लागते.

ज्या बटणांना हा त्रास होतो ती शिकवण्याऐवजी रिमोटमधील तयार कोड वापरावा, कारण त्या तक्त्यातील संदेश पाठवताना रिमोट तो बिट स्वतः उलटत राहतो. कंपनीच्या नावाखालचा कोड सापडत नसेल तर फिलिप्सच्या ऑडिओ यंत्रांचे कोड लावून पाहण्यास हरकत नाही.

शिकवण्याच्या कृतीविषयीही थोडे सांगतो, कारण अर्ध्याअधिक तक्रारी तेथेच जन्म घेतात. दोन्ही रिमोटांत ताजे सेल घाला. ते सपाट टेबलावर समोरासमोर, साधारण 3 ते 5 सेंटिमीटर अंतर ठेवून, त्यांचे दिवे एका रेषेत येतील असे मांडा आणि हातात धरून शिकवू नका. ऊन खोलीत येत असेल तर पडदा ओढा. मूळ रिमोटचे बटण किती वेळ दाबावे याला महत्त्व आहे. एनईसी पद्धतीत बटण दाबून धरले की पूर्ण संदेश एकदाच जातो आणि त्यानंतर सुमारे 110 मिलिसेकंदांनी केवळ "तेच पुन्हा" अशा अर्थाची छोटी खूण जात राहते. फार वेळ दाबले तर काही रिमोट त्या खुणेलाच संदेश समजून साठवतात. सोनीच्या पद्धतीचे नेमके उलट आहे. तेथे तोच संदेश किमान तीन वेळा पाठवण्याचा दंडक आहे, आणि रिमोटने तो एकदाच साठवून एकदाच पाठवला तर सोनीचे यंत्र दाद देत नाही. म्हणून आधी आवाजाचे एकच बटण शिकवा, ते दहा वेळा दाबून पाहा आणि खात्री पटल्यावरच पुढची बटणे घ्या. चाळीस बटणे शिकवून झाल्यावर पद्धत चुकल्याचे कळणे फार जिवावर येते.

प्रश्न : एका बटणावर टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर तिन्ही चालू व्हावेत असा मॅक्रो बसवला आहे. कधी तो नीट चालतो, तर कधी टीव्ही चालू होतो आणि रिसीव्हर बंद. पुन्हा दाबले की नेमके उलटे होते.

उत्तर : रिमोटच्या बहिरेपणाचा हा सर्वांत त्रासदायक परिणाम आहे. तुमच्या मॅक्रोत "चालू हो" अशी आज्ञाच नाही. "आहेस त्याच्या उलट हो" अशी आज्ञा आहे. कोणीतरी रिसीव्हर आधीच हाताने चालू केलेला असेल, तर मॅक्रो तो इमानेइतबारे बंद करणार.

यावरचा खरा उपाय म्हणजे चालूसाठी वेगळी आणि बंदसाठी वेगळी आज्ञा वापरणे. काही रिसीव्हरांच्या मूळ रिमोटवर अशी दोन स्वतंत्र बटणे असतात. असल्यास तीच शिकवा. नसल्यास एक आडवाट आहे. इनपुट निवडण्याचे बटण दाबताच काही रिसीव्हर झोपेतून जागे होतात. यामाहाच्या सीन बटणांनी रिसीव्हर चालू होऊन इनपुटही निवडले जाते. असे बटण सापडले तर मॅक्रोत चालू-बंदच्या जागी तेच घाला, कारण रिसीव्हर आधीच चालू असला तरी ते त्याला बंद करत नाही. बंद करण्याच्या मॅक्रोतही त्याचा उपयोग होतो. आधी ते बटण पाठवायचे, म्हणजे रिसीव्हर नक्की चालू असेल. मग काही सेकंद थांबून चालू-बंदची आज्ञा द्यायची, म्हणजे तो नक्की बंद होईल. बंद करण्यासाठी आधी चालू करायचे हे ऐकायला विचित्र वाटते, पण अचूक चालते.

मॅक्रोतील थांबेही तपासा. रिसीव्हर चालू झाल्यावर आज्ञा ऐकू लागेपर्यंत काही सेकंद जातात आणि त्या अवधीत पाठवलेली इनपुटची आज्ञा वाया जाते. घड्याळ लावून हा वेळ मोजा आणि त्यापेक्षा सेकंदभर अधिक थांबा ठेवा.

एवढ्यावरही उलटसुलट होत असेल तर संशय रिमोटवरून काढून एचडीएमआय केबलवर घ्या. माझ्या घरी मी दोन संध्याकाळ रिमोटला दोष देत होतो. प्रत्यक्षात टीव्ही चालू होताच तो केबलमधून रिसीव्हरला उठवत होता आणि पाठोपाठ पोहोचलेला माझा मॅक्रो त्याला पुन्हा झोपवत होता. या सोयीचे नाव सीईसी. सॅमसंगच्या मेनूत ती ॲनीनेट प्लस, सोनीच्या मेनूत ब्राव्हिया सिंक आणि एलजीच्या मेनूत सिंपलिंक या नावाने असते. केबलच्या 13 क्रमांकाच्या पिनवरून यंत्रे एकमेकांशी बोलतात. टीव्हीचा पत्ता 0 आणि ऑडिओ यंत्रणेचा 5 असा ठरलेला आहे. येथे संवाद दुहेरी असतो, म्हणजे रिसीव्हर चालू आहे का हे टीव्ही विचारू शकतो. त्यामुळे माझा सल्ला असा, की चालू-बंदचे काम सीईसी किंवा मॅक्रो यांपैकी एकाकडेच सोपवावे. तुमची सर्व यंत्रे सीईसीला नीट दाद देत असतील तर मॅक्रोतून चालू-बंद काढून टाका आणि त्यात फक्त इनपुट ठेवा. टीव्हीचा आवाज एआरसीने (म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून उलट दिशेने) रिसीव्हरकडे जात असेल तर सीईसी सरसकट बंद करण्यापूर्वी जपून, कारण अनेक टीव्हींवर त्यासोबत एआरसीही बंद होते.

प्रश्न : याच रिमोटवर टीव्हीला जोडलेली स्ट्रीमिंग स्टिक का चालत नाही?

उत्तर : अशा बहुतेक स्टिक टीव्हीच्या मागे लपलेल्या असतात आणि त्यांचे रिमोट ब्लूटूथ किंवा वाय-फायने बोलतात. त्या अवरक्त प्रकाश पाहतच नाहीत. ब्लूटूथची सोय असलेला युनिव्हर्सल रिमोट घ्यावा, नाहीतर सीईसीमार्फत टीव्हीच्या रिमोटनेच स्टिक चालते का ते पाहावे.

प्रश्न : लॉजिटेकचा वापरलेला हार्मनी रिमोट मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : आजवरच्या सर्वांत समजूतदार रिमोटांत हार्मनीची गणना होते, कारण कोणते यंत्र चालू केले होते हे तो लक्षात ठेवतो आणि विसंगती झाल्यास मदतीच्या बटणाने ती दुरुस्तही करून देतो. मात्र लॉजिटेकने 2021 साली त्याचे उत्पादन थांबवले आणि त्यातील बदल कंपनीच्या सर्व्हरमार्फत करावे लागतात. ही सेवा ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसापासून नवे यंत्र जोडता येणार नाही. हे मान्य असेल तरच घ्या.

प्रश्न : सेल बदलले की सगळे कोड पुसले जातील का? आणि रिमोट संदेश पाठवतो आहे की नाही हे घरच्या घरी कसे पाहावे?

उत्तर : हल्लीचे बरेच रिमोट सेल काढले तरी कोड जपून ठेवतात, पण जुन्यांत ते काही मिनिटेच टिकतात. म्हणून नवे सेल हाताशी घेऊनच झाकण उघडावे. संदेश पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रिमोट त्याच्याकडे रोखून बटण दाबले की पडद्यावर दिव्याच्या जागी फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्याने पाहा, कारण मागच्या कॅमेऱ्यांत बहुधा अवरक्त प्रकाश अडवणारी काच अधिक कडक असते. चाललेला कोड कागदाच्या चिठ्ठीवर यंत्राच्या नावासह लिहून सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवा. पुस्तिका हरवते, चिठ्ठी रिमोटबरोबरच राहते.